चिठ्ठ्या न उचलता

चूक माझीच होती. पनवेलच्या खाडीचा बांध किती उंच हवा, ते मुंबईच्या गणकयंत्रावर अजमावायचं होतं. त्यासाठी पुढची उधाणं किती चढतील, ते आकडे मी, मागच्या उधाणांच्या उंच्या लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यातून न बघता उचलून काढायचे होते. कंटाळून मी ते मनानेच लिहिले, आणि दोन मोठी उधाणं लागोपाठ कुठेच येऊ दिली नाहीत. यंत्राने ठेंगणा बांध पुरेसा ठरवला. खाडीला मात्र लागोपाठ दोन आली. पहिल्याने खचलेला बांध दुसऱ्याने फोडला आणि खारं पाणी भातशेतात शिरलं. खारट चिखलाचा वास आला की ते पिवळं पडलेलं भात अजून दिसतं. "तुमच्या मशिननी दर्या कंदी बगितलाय का, सायेब?" म्हातारा शेतकरी म्हणाला. "आता दोन-तीन वरसं आमाला भात नाय." मी म्हणालो, "मशीनचा दोष नाही, बाबा. आकडे मी खोटे लिहिले. मला माफ करा."