न घेतलेली भाकर

चाळीत कुणी शिवी हासडली की मास्तर तळहात वर करायचे. "माणूस आहे तो." बस, एवढंच. मालकाचा गुंड नळ तोडून गेला, तेव्हाही तेच. बायका हसायच्या, "मास्तर, हा माणूस एक दिवस तुम्हालाच जिन्यावरून ढकलणार हां!"

असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. गावाहून परळला आलो तेव्हा नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्याच खोलीत राहिलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मुलाखतीत मान वर करून बोलायला त्यांनी शिकवलं. रविवारी त्यांच्याबरोबर चर्चला जायचो. मी हिंदू, नुसता शेजारी बसायचो.

चाळ रिकामी करून घ्यायला तो गुंड एका सकाळी पुन्हा आला. शेजारच्या आजोबांची मानगूट धरून त्याने त्यांना कठड्यावरून खाली वाकवलं. आम्ही बघत राहिलो. मास्तरांनी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. आजोबा वाचले. गुंडाचा एक डोळा गेला.

चाळीने हार आणला. मास्तरांनी दार उघडलं नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. येशूच्या आठवणीत पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, भाकर मोडून आधी स्वतः घेतात, मग सगळ्यांना देतात. भाकरीचं ताट बाकांवरून हातोहात फिरत आलं. मास्तरांनी ते घेतलं आणि तुकडा न उचलता पुढे दिलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, जीव वाचवलात तुम्ही."

"हो."

"पुन्हा तसं झालं तर?"

"पुन्हा मारीन."

"मग अडलं कुठे?"

"भाकर घ्यायची तर आधी पश्चात्ताप लागतो रे. पुन्हा मारीन म्हणतोय, तर माफी कसली मागू?"

नंतर दर वेळी ताट तसंच पुढे जात राहिलं. मला त्याचीही सवय झाली.

काही वर्षांनी मास्तर शेवटच्या आजारात इस्पितळात होते तेव्हा पाळक डबीत भाकर घेऊन आले. मी खाटेपाशी उभा होतो.

"घ्या मास्तर. देवाला सगळं कळतं."

"तुम्ही काय केलं असतं?"

पाळकांनी हातातल्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मारलं असतं."

मास्तरांनी डोळे मिटले. पाळकांनी डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. कागदपत्रांसाठी पाळक आणि मी लिफ्टने खाली निघालो.

"रविवारी भाकर मला मोडायचीय," पाळक म्हणाले.

लिफ्टचं दार उघडलं. ते आतच उभे राहिले.