विहिरीपर्यंतचा वळसा

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली. माय, बाप आणि मी. जाफराबादकडच्या रस्त्याच्या कामावर खायला सुकडी मिळायची, म्हणून गाव सोडून तिथंच पालं टाकली. पाऊस पडल्यावर परत आलो तर आमची वस्तीच नव्हती. पाटलानं भिंती पाडून तिथं बैलं बांधली होती. आमच्या चुलीच्या जागी गव्हाण होती.

बाप हात जोडून वाड्यासमोर उभा राहिला. पाटलानं निजामाच्या वेळचा, उर्दू अक्षरांचा नकाशा आणवला. बापाला मराठीही वाचता येत नव्हतं.

"काय रे, दाव की तुझं घर यात. दाव ना!"

पाटील ओसरीवरच्या लोकांकडं वळून म्हणाला, "कोरी जागा हाय, गायरान. इतके दिवस ऱ्हाऊ दिलं तेच चुकलं." ओसरी हसली.

रस्त्यात बाप एवढंच बोलला, "मोजणीवाला आल्ता तवा ह्याच्याच ओसरीवर जेवला. विटाळ नको म्हणून वस्तीत पाय न्हाई ठिवला त्यानं. मंग नकाशात आपण कुठून येणार?"

परतूरला रुळांच्या कडेला झोपडं टाकलं. बाप तिथंच मेला. मी औरंगाबादला कॉलेजात गेलो, आमच्या घराण्यातला पहिला. तिथं चित्रांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा सुट्टीत घरी येऊन मायचं जुनं लुगडं पसरलं आणि त्यावर गेरूनं आमचं गाव काढायला घेतलं. माय सांगत गेली. इथं आपली चूल. इथं तुझ्या चुलत्याला झोडपलं. इथं तुझी बहीण पुरली. सगळं काढलं. वाड्याची जागा तेवढी मुद्दाम कोरी ठेवली.

"हे काय करून राह्यला? वाडा कुठंय?"

"त्यानं आपल्याला कोरं ठेवलं, मी त्याला. झाली फिटंफाट."

"येडा हायेस का? वाडाच नसला तर मी हिरीला एवढा वळसा कशापायी घालत व्हते? लोक म्हणतील, बाई खुळी व्हती."

वाड्यासमोरून पाण्याला जायची आम्हाला बंदी होती. मागून, ओढ्यातून, काट्यांतून आमची विहीर गाठावी लागायची. मी काजळीनं वाडा काढला, आणि विहीर मायच्या पायांच्या हिशेबानं लुगड्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली.

प्रदर्शनात प्राध्यापक म्हणाले, "गाव एवढंसं आणि विहीर एवढी लांब? प्रमाण साफ चुकलंय तुमचं. हे जिन्याखाली लावा."

"सर, डोक्यावर घागर घ्या आन् वाडा चुकवून चाला. मंग प्रमाण सांगा."

मी लुगडं हलवलं नाही.

माय रेल्वेनं बघायला आली. तिनं चुलीवर बोट ठेवलं. मग वाड्याकडं बघून म्हणाली, "आनखी काळा कर."

ती जागा आम्हाला परत मिळाली नाही. तिथं अजून पाटलाचीच गुरं बांधतात. पण मी बी.ए. झालो, आणि आमची वस्ती आता एका नकाशात आहे.