टँकरची पंधरा दिवसांची नोंद

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. त्या उन्हाळ्यातलं टँकरचं प्रकरण मात्र तसं झालेलं नाही. ते आठवलं की आजही एका जागी बसवत नाही.

मी तेव्हा लातूर-नांदेडच्या हद्दीवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दुष्काळाचं वर्ष. बंदोबस्त म्हटला की पाण्याचाच: टँकरवर, विहिरीवर, रांगेत. त्यात नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात. कुठलं गाव कुठल्या जिल्ह्यात जाणार यावर चहाच्या टपऱ्यांवर भांडणं व्हायची आणि कचेऱ्यांतली कामं रेंगाळायची.

एका दुपारी दोनच्या सुमारास टँकर मागे घेताना एका गावात पन्नाशीची बाई चाकाखाली आली. लोक ओरडत होते, तरी चालक न थांबता गाडी घेऊन पळाला. बाई जागीच गेली. गावानं रस्ता अडवला. नुसत्या अपघाताचा गुन्हा लोकांना मान्य नव्हता. मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं.

नंबर कुणी पाहिला नव्हता, चालकाचा चेहराही. टँकर हिरवा, एवढंच सगळे सांगत होते. तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, एक ड्रायव्हर बादलीभर पाण्यानं मागचं चाक धुताना दिसला. प्यायला पाणी न्हाई आन् हा चाक धुतोय."

चालकाला आणलं. पंचेचाळीसचा, सडपातळ, हाताला डिझेलचा वास. टँकर हिरवा, त्या गावाची दुपारची खेप त्याचीच, आणि खेपेच्या वहीत दोन वाजताच्या रकान्यात त्याची सही. चाकावर रक्त सापडलं नाही, पण ते धुतल्यावर राहणार कुठून, असं मी धरून चाललो.

"त्या दिवशी दोन वाजता कुठं होतास?"

"मी त्या गावात नव्हतो साहेब."

"मग कुठं होतास?"

तो खाली बघायचा. चाक का धुतलं, तर म्हणे शेण लागलं होतं. आवाज चढवला, समजावलं, त्याच्या बायकोला समोर बसवलं. माणूस पाण्याच्या पिंपासारखा बंद. माझ्या अनुभवात गप्प बसणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी लपवत असतो. तो लपवतच होता. काय लपवतो आहे, एवढंच मी चुकीचं ओळखलं होतं.

टँकरना जीपीएस होतं. आठव्या दिवशी मी त्या नोंदी मागवणारं पत्र टंचाईच्या कामाच्या कचेरीला धाडलं आणि ते विसरूनही गेलो. नोंद आली की दोषारोपपत्राला जोडू, इतकाच माझा विचार होता. चौदाव्या दिवशी हवालदार उत्तर घेऊन आला.

"साहेब, तिथलं नोंदींचं मशीन मागच्या आठवड्यात जळालं म्हणं. आपलं पत्र टेबलावरच पडलं होतं. नवा जिल्हा झाला की समदं तिकडंच जाणार म्हणून कुणी फाईल उघडना झालंय."

नोंदींची दुसरी प्रत नांदेडला, त्या सांभाळणाऱ्या एजन्सीकडे होती. मी फोन केला. तिथल्या इंजिनिअर बाईंनी शांतपणे विचारलं, "घटना किती तारखेची आहे?"

मी सांगितली.

"मग उद्या संध्याकाळी सहाला ती नोंद पुसली जाईल. पंधरा दिवसच ठेवायची असं सेट केलेलं आहे."

"पण तुमच्याकडे तर दुसरी प्रत आहे ना?"

"साहेब, आग लागली, पूर आला तर उपयोगी पडावी म्हणून ती प्रत आहे. नियम मात्र दोन्हीकडे एकच. तिकडे जे पंधरा दिवसांनी जातं, ते इकडेही जातं."

पुसणं थांबवा म्हणालो. सहीचा लेखी आदेश हातात पडल्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायालयात चालकाला हजर करायचं होतं. ते उरकेपर्यंत एक वाजला. न्यायालयीन कोठडीचा आदेश झाल्यावर तो गाडीत चढला, वळून त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. ते बघणं मला नांदेडपर्यंत पुरलं. वाटेत दर पाच मिनिटांनी मी घड्याळ बघत होतो. एका गावात घागरींची रांग रस्त्यावर आली होती, तिथे अर्धा तास गेला. हॉर्न वाजवायचा मला धीर झाला नाही.

पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. एजन्सीचे व्यवस्थापक म्हणाले, वरिष्ठांना विचारावं लागेल. मी त्यांच्याच टेबलावर नोंदी मागणारी कलम एक्क्याण्णवची नोटीस हातानं लिहिली. ते फोन लावत राहिले. इंजिनिअर बाईंनी नोटीस वाचली, पोच दिली आणि पडद्यावर पंधराच्या जागी नव्वद केले.

"सर, लेखी आलेलं आहे," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "आता पुसलं तर जबाब मला द्यावा लागेल."

नोंद उघडली. दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या चालकाचा टँकर घटनास्थळापासून तीस किलोमीटरवर, नांदेडच्या हद्दीतल्या एका खेड्यात उभा होता. घटनास्थळी होता तो दुसराच टँकर, त्याच मालकाचा, त्याच हिरव्या रंगाचा. नोंद कोर्टात चालावी म्हणून पासष्ट-बचं प्रमाणपत्र घेऊन मी निघालो.

दुसऱ्या दिवशी तुरुंगात जाऊन कागद चालकासमोर ठेवला.

"लेक बाळंत झाली हाय तिथं. तवा दहा दिवसांची वली बाळंतीण, आन् गावाला टँकर मंजूर न्हाई. वहीत आधीच सही करून पाणी तिकडं नेलं."

"मग त्या गावात दुसरा टँकर कसा गेला?"

"मीच दोस्ताला म्हनलं, माझी खेप तू टाक. तो माझ्या शब्दावर गेला साहेब. त्याचं नाव कसं घेऊ?"

दोस्ताला उदगीरजवळ पकडलं. त्यानं गुन्हा नाकारला नाही. आमचा चालक त्या गुन्ह्यातून सुटला, नोकरी मात्र गेली.

लोक मला म्हणाले, साहेब, अर्ध्या तासानं माणूस वाचवला. ते खरं नाही. पहिल्याच दिवशी मी ते पत्र स्वतः नेलं असतं तर धावायची वेळच आली नसती. मशीननं त्याला सांगितलं तेवढंच केलं. कचेरीत पत्र पडून राहिलं, कारण ते निकडीचं आहे असं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गुन्हेगार सापडला या खात्रीनं मीच हातावर हात ठेवून बसलो होतो. खात्री झाली की पोलीस पुरावा शोधायचं थांबवतो आणि पुरावा काही त्याच्यासाठी थांबत नाही.

निर्दोष माणूस चोवीस तास सत्य सांगायला उतावीळ असतो, हा समजही तेव्हाच गेला. कधी कधी तो दुसऱ्यासाठी गप्प असतो.

त्या आठवड्यात ठाण्यात परतल्यावर मी ठाणे अंमलदाराला विचारलं, आपल्या कोठडीसमोरच्या कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस राहतं? त्यानं मुन्शीकडे बघितलं. मुन्शीनं हवालदाराकडे. कुणालाच माहीत नव्हतं. मलाही.