पाण्याला नाही म्हणणारी

आमच्या बेडशाच्या घरात पाण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, उन्हाळाभर गावच्या लेण्यांच्या पायऱ्यांखाली रांजण भरून ठेवायचे. उतरून आलेला कोण, कुठला, हे न विचारता त्याच्या हातात तांब्या द्यायचे. अशा माणसाच्या किडन्या गेल्या आणि त्याला पाणी मोजून द्यायचं काम माझ्या वाट्याला आलं, कारण लोणावळ्याच्या एका लहानशा हॉस्पिटलात मी नर्स. दैवाला थट्टा करायची तर ते घर बघून करतं, दुसरं काय.

रोज सकाळी आबांना वजनकाट्यावर उभं करायचं, मग नडगीवर अंगठा दाबून बघायचा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहिला की समजायचं, अंगात पाणी साठलंय, आज आणखी हात आखडायचा. डायलिसिसला तळेगावला जायचं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरलेलं असायचं. गोळ्या त्यातच, चहाही त्यातच धरायचा. आबा एकेक घोट तोंडात घोळवत बसायचे, गिळला की संपला म्हणून. "पोरी, जनावराला बी कुनी इतकं मोजून पाजत न्हाई," म्हणायचे. मला त्या बाटलीचा इतका राग यायचा की ती भिंतीवर आपटावीशी वाटायची.

शहाळं तर साफ बंद. आजाऱ्याला बघायला जाताना शहाळं न्यायचं, हे आमच्याकडे पोर पाळण्यातच शिकतं. पण किडनी निकामी झालेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. ते रक्तात साठतं, हातपाय लुळे पाडतं आणि हृदयाचा ठोका बिघडवतं. हे मी सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, शिरगावच्या आत्यांना, म्हणजे आबांच्या धाकट्या बहिणीला, हात जोडून सांगितलं. आत्या हसल्या. "शहाळ्यानं कुनी मेलंय व्हय गं? तुमच्या दवाखान्याचं समदंच उफराटं." सासूबाई मात्र शब्दाला पक्क्या. पाण्याचा माठसुद्धा त्यांनी आबांच्या नजरेआड हलवला.

तो पावसाळ्यातला रविवार होता. असल्या रविवारी लोणावळ्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त असतात. मी ड्यूटीवर होते. दुपारी सासूबाईंचा फोन आला. "अगं, ह्यास्नी लय दम लागलाय. पळून आल्यावानी करत्यात."

"फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा," मी म्हटलं.

खोल, भराभर, न थांबणारा श्वास. छातीत घरघर नव्हती. रक्तातलं आम्ल वाढलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू बघतं. माणूस खाटेवर पडल्या पडल्या डोंगर चढत असतो. वॉर्डात हा श्वास मी दारातूनच ओळखते.

"आई, त्यांना पाय उचलून दाखवा म्हणावं."

"उचलत न्हाईत. मगाधरनं जड झाल्यात म्हनत्यात."

"काय दिलंत त्यांना?"

"तुझ्या गळ्याची शपथ, बाटलीभायेरचं पानी एक घोट न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "सकाळच्याला आत्या आल्त्या. शहाळी आनलीवती. शिरगावच्या साईबाबाला दावून आनली म्हनल्या. परसादाला न्हाई कसं म्हनू? ह्यांनीच हात फुडं केला."

मागून आबांचा आवाज आला, शब्दाशब्दाला तुटत. "लय... गोड... हुतं... पोरी."

मी ओरडले. कुणावर, ते मलाही कळलं नाही. नवऱ्याला म्हटलं, रुग्णवाहिकेची वाट बघू नको, आबांना आहे तसं गाडीत घाल आणि तळेगाव गाठ, डायलिसिसचं मशीन तिथंच आहे. तिथल्या डॉक्टरांना कळवलं. सगळ्यांना कळवलं. माझ्या हातात तेवढंच होतं. आबांना जी इंजेक्शनं तातडीनं हवी होती ती माझ्या पाठीमागच्या कपाटात होती, आणि आबा पवना धरणावरून परतणाऱ्या गाड्यांच्या रांगेत.

गाडीतल्या सासूबाईंचा फोन चालूच ठेवला. कामशेतच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी भाजलेल्या कणसाचा भाव विचारत होतं, आणि त्या सगळ्यात आबांचा श्वास. मी वॉर्डच्या खिडकीत उभी राहून तो मोजत होते. मोजून काही होणार नव्हतं, तरी मोजत होते. नव्या मुलींना मी सांगते, पेशंट बोलायच्या आधी त्याचा श्वास बोलतो, तो ऐका. ऐकून पुढं काहीच करता येत नसेल तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

थोड्या वेळानं श्वास हळू झाला. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "आता बरं हाय बग. दम बसला. निवांत पडल्यात."

आम्ल कमी झालेलं नव्हतं, ते बाहेर टाकता टाकता आबा थकले होते. धापा टाकणारा पेशंट असा आपोआप शांत झाला की वॉर्डात आम्ही धावत सुटतो. इथून मी कुठं धावणार होते?

"पानी मागत्यात," सासूबाई म्हणाल्या. "ओठ पार वाळल्यात. नगं ना द्यायला?"

गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं, हे मी झोपेतही सांगेन.

"द्या," मी म्हटलं.

"किती?"

"मागतील तेवढं."

रोज नाही म्हणणारी सून आज हो का म्हणाली, हे सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी हंबरडा फोडला. एक घोट आत गेला, बाकीचं सदऱ्यावर सांडलं, असं नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. गाडी तेव्हाही जागची हलली नव्हती.

तेराव्याला आत्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "डाक्टरचं ऐकून ह्यांनी त्याचं पानी तोडलं. रांजनं भरनारा मानूस, घोटाघोटाला म्हाग केला. पर माज्या हातचं शहाळं गेलं बाई त्याच्या पोटात. माजा भाऊ तान्हेला न्हाई गेला."

बाया माना डोलवत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघत होत्या. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण आबा परत आले नसते आणि आत्याही हातच्या गेल्या असत्या. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

बोलून बोलून आत्यांच्या घशाला कोरड पडली. मला म्हणाल्या, "पोरी, वाईच पानी दे गं."

मी आत गेले आणि तांब्या काठोकाठ भरून आणला.