वाटीतलं विरजण

बायकोला दवाखान्यात न्यायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी दही लावलं. दूध कोमट झालं का ते मी करंगळी बुडवून बघायचं, विरजण तिनं घालायचं, ही आमची वाटणी.

"अहो, एवढं कढत? विरजणाला मारता काय!" ती ओरडली. मग चमचाभर विरजण वाटीत घालून समोरच्या घरातल्या तमिळ मामींना देऊन आली. चेन्नईत आल्यापासून हे देणंघेणं चालूच. दिलं म्हणून आपलं कमी होत नाही.

सकाळी तिला थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात नेलं, तर लघवीतले जंतू रक्तात गेले म्हणाले डॉक्टर. औषधावर औषध बदलत राहिले. मला पहिल्यापासून काहीतरी काळंबेरं वाटत होतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या उचलून मी वास घ्यायचो. पाणी तर भरत नाहीत ना?

एक दिवस डॉक्टरीणबाई, पोरसवदाच, तमिळमध्ये, इकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं अय्या म्हणून, मला म्हणाली, "अय्या, हे शेवटचं औषध. तेही लागू पडत नाहीये."

"औषध खोटं असेल."

"खरं आहे. ते जंतूच्या वरच्या सालीला धरतं आणि ती फोडतं. या जंतूकडे एक जनुक आहे. त्यानं सालच बदललीय. औषधाला पकड मिळत नाही."

रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर नट पिळले मी. झिजलेल्या नटावरून पाना निसटतो, तेवढं कळलं.

"आणि हे जनुक त्याला दिलं कुणी?"

"दुसऱ्या जंतूनं. नक्कल करून देतात एकमेकांना. जात वेगळी असली तरी. देणाऱ्याचं त्याच्याकडे राहतंच."

"विरजणासारखं?"

ती हसली नाही. "तसंच."

"मग आलं कुणाकडून? तुमच्या दवाखान्यातून की आमच्या घरातून?"

"सांगता येत नाही, अय्या."

सांगता येत नाही म्हणे! एवढं शिकून उपयोग काय? तेव्हापासून मी नळावर, आयाच्या हातमोज्यांवर, माझ्या स्वतःच्या हातांवर नजर ठेवली. चोर सापडला नाही. ती गेली.

स्मशानातून आलो तर दारात मामी. हातात आमचीच वाटी.

"अण्णा, हे तिचं विरजण. रोज दही लावून जिवंत ठेवलं. आणि सुतकात गॅस पेटवू नका, जेवण मी आणते."

वाटी घेतली आणि ओट्याच्या कोपऱ्यात सारली. यातही जंतूच. त्यांनी कुणाकडून काय घेतलं असेल, कुणी बघितलंय?

सकाळी वाटीचा वास घेतला. आंबटसर, नेहमीचा. गॅस पेटवला. दूध तापवून उतरवलं, करंगळी बुडवली. कढत होतं. थांबलो. पुन्हा बुडवली. मग विरजण घातलं, झाकण ठेवलं, आणि भांड्यावर नजर ठेवून बसलो.