बिननावाचा पाहुणा

संतचित्रं रंगवणाऱ्या येवसेईच्या घरी चित्रांचे खाके, म्हणजे रेषांचे कागदी नमुने, कुलूपबंद पेटीत असत. जावयालाही दाखवायचे नाहीत, अशी आजोबांची ताकीद. त्यामुळे जमीनदार मालकांच्या दिवाणखान्यात, राजधानीहून आलेल्या ललितकलांच्या नव्या मासिकात, नुसत्या रेषांनी काढलेला एक उघडा तरुण दिसला तेव्हा येवसेईला हसूच आलं. ही पीटर्सबर्गची शहाणी माणसं आपले खाके छापून गावभर वाटतात! त्यानं पान एका दिवसासाठी मागून आणलं आणि खाक्याचं जे करायचं तेच केलं. रेषेवर सुईनं भोकं पाडली, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, खालच्या फळीवर ठिपके उमटले. तरुणाला हात नव्हते. बिनहातांचा संत कसा चालेल? येवसेईनं हात घातले, अंगात सदराही चढवला.

दुसऱ्या दिवशी मालक पोर्फिरी आंद्रेयिच पान उजेडात धरून ओरडले, "अरे गाढवा, चाळणी केलीस की याची! दोन हजार वर्षांपूर्वीचा पुतळा आहे हा, संत नव्हे!"

"चुकलं, मालक. पण रंगवून झालाय." येवसेईनं फळी पुढे केली. तरुण विहिरीतून बादली ओढत होता.

मालकांचा आवाज उतरला. "हे हात कुठून आणलेस? मूळचे मोडलेत. ते काय करत होते यावर विद्वानांनी चार पानं खर्ची घातलीत."

"खांदा बघा ना. रोज पाणी ओढणाऱ्याचाच आहे. आता नाव तेवढं सांगा. नाव लिहिल्याशिवाय चित्र पुरं होत नाही."

"ते कुणालाच ठाऊक नाही. थांब, संपादकांना लिहून विचारतो."

येवसेईनं नावाची जागा कोरी ठेवली. डाकेच्या गाडीची घंटा वाजली की हातातलं काम टाकून तो हवेलीकडे पळे. याला आई काय म्हणून हाक मारत असेल? त्याला चैन पडेना.

"नाव नाही, गाव नाही," बायको उस्तिन्या कुरकुरे. "असला पाहुणा किती दिवस ठेवणार? घासून टाका. चांगली वाळलेली फळी अडकलीय."

वसंतात मालकांनीच सांगितलं, मासिक बंद पडलं. आता उत्तर यायचं नाही. येवसेईनं घरी येऊन रंग खरवडायचं पातं काढलं, फळी मांडीवर घेतली. पण हात उचलेना. डोळे भरून आले.

उस्तिन्या भरलेल्या बादल्या घेऊन आत आली. "ठेवा ते पातं."

"अगं, तूच म्हणत होतीस ना?"

"म्हणत होते. पण दारी आलेल्याला आपण आधी पाणी देतो, नाव मागून विचारतो. हा तर बिचारा स्वतःच पाणी घेऊन आलाय."