सुवर्णसदस्याचं शोकपत्रक

गाब्रोवोच्या माणसाला कंजूष म्हटलं तर तो रागावत नाही, उलट बोलणाऱ्याला बसायला खुर्ची देतो. चहा मात्र देत नाही. हिवाळ्यात दार चटकन लावून घेता यावं म्हणून मांजरांची शेपटी छाटणारं गाव अशी आमची साऱ्या बल्गेरियात ख्याती, आणि ती पसरवायला आम्हाला एक पैसा खर्च करावा लागला नाही, याचाच आम्हाला जास्त अभिमान. अशा या गावात नेव्याना मैत्रीचे पैसे भरायची, तेही आगाऊ.

सुरुवात तिने केली नव्हती. तिचा मुलगा क्रासेन स्पेनमध्ये असतो. तीन नाताळ तो ‘पुढच्या वर्षी नक्की येतो’ म्हणत राहिला आणि चौथ्या नाताळला त्याने आईला एक टॅबलेट आणि ‘पूल’ नावाच्या संस्थळाचं वर्षभराचं सुवर्णसदस्यत्व पाठवलं. आपली भाषा परक्या माणसाला शिकवायची, त्याची आपण शिकायची, आणि दोघांनीही पैसे संस्थळाला द्यायचे, असा तो परोपकारी धंदा. विमानाच्या तिकिटापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. पोरगा कुठेही गेला तरी शेवटी गाब्रोवोचाच.

नेव्यानाने आयुष्यभर इथल्या कापडगिरणीत कापड तपासलं होतं. तागा उजेडासमोर धरायचा आणि सुटलेला धागा दिसला की तिथे लाल दोरा बांधायचा. गिरणी बंद पडली, नवराही गेला, पण सवय काही जाईना. शेजारणीच्या बोलण्यात, सुनेच्या फोटोत, चर्चमधल्या प्रवचनात तिला सुटलेला धागाच आधी दिसायचा आणि ती तो बोलून दाखवायची. अशा बाईला मैत्रिणी कितीशा असणार? एक होती दोंका, तीसुद्धा दारासमोर दार असल्यामुळे.

इटालियन शिकायचं ठरलं ते दोंकामुळेच. दोंकाची मुलगी बोलोन्यात म्हाताऱ्यांची सेवा करायची. दोंका एकदा तिच्याकडे महिनाभर राहून आली आणि तेव्हापासून जिन्यात भेटली की ‘बोंजोर्नो’ म्हणून नमस्कार घालायची. त्या एका शब्दावर तिने सहा वर्षं मिरवून काढली होती. नेव्यानाला तिचं तोंड बंद करायचं होतं. भाषा शिकायला माणसाला याहून थोर कारण लागत नाही.

‘पूल’ने तिची गाठ एत्तोरेशी घालून दिली. हा फेर्राराचा निवृत्त न्हावी, विधुर. त्याच्या मुलाने बिस्त्रा नावाची बल्गेरियन मुलगी केली होती, तीही गाब्रोवोजवळच्या द्रियानोवोची. नातू आईशी बल्गेरियनमध्ये कुजबुजायचा आणि मग दोघं आजोबांकडे बघून हसायचे. चाळीस वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा धरलेल्या माणसाला हे सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी टॅबलेटवर नेव्यानासमोर बसू लागला.

न्हाव्याकडून भाषा शिकल्याचे परिणाम व्हायचे ते झाले. वर्षभरात नेव्यानाला टकलाला इटालियनमध्ये चार शब्द येऊ लागले, पण एक कॉफी मागता येईना. फेर्रारातल्या कुठल्या वकिलाचे केस खरे नव्हते आणि कुठल्या डॉक्टरची बायको कुणाकडे जायची, हे तिला इथल्या नगरपालिकेच्या भानगडींपेक्षा जास्त ठाऊक झालं. तिकडे एत्तोरेची बल्गेरियन इतकी गाब्रोवोच्या वळणाची झाली की सून म्हणाली, ‘बाबा, तुम्ही माझ्या आत्यासारखं बोलता.’ नेव्याना त्याच्या वाक्यांना लाल दोरे बांधायची आणि तो रागवायचा नाही. उलट विचारायचा, आज किती? हे तिच्या आयुष्यात नवीनच होतं.

दुसऱ्या वर्षीचे पैसे तिने स्वतःच्या पेन्शनमधून भरले. गाब्रोवोत याहून उघड प्रेमाची कबुली नसते. दोंकाला ते कळलं तेव्हा तिने जिन्यातच विचारलं, ‘गप्पा मारायचे पैसे? अगं, मी तर फुकट आहे.’ त्यावर नेव्याना म्हणाली, ‘तेवढीच तुझी किंमत.’ यानंतर आठवडाभर जिन्यात बोंजोर्नो ऐकू आलं नाही.

‘पूल’चे नियम मोठे मायाळू होते. सुवर्णसदस्याच्या फोटोभोवती सोनेरी कडं. त्याने कितीही बोलावं, कितीही लिहावं. फुकट्यांना आलेला संदेश उघडतासुद्धा यायचा नाही. फोन नंबर किंवा पत्ता लिहिला तर संस्थळ तिथे चांदण्या टाकायचं, म्हणे सदस्यांच्या सुरक्षिततेसाठी. माणसं संस्थळाबाहेर भेटली आणि पैसे न भरता मित्र राहिली तर केवढा धोका! एत्तोरेने एकदा नंबर आकड्यांऐवजी अक्षरांत सांगून बघायचं सुचवलं होतं. नेव्यानाने त्याला नियम वाचून दाखवला. गिरणीत ती मालकाच्या ताग्यालाही लाल दोरा बांधायची. नियम तिने एकदा धरला की धरला.

मार्चअखेरीच्या एका मंगळवारी ती केस विंचरून टॅबलेटसमोर बसली, तर एत्तोरेचा फोटो काळापांढरा झालेला. सोनेरी कडं जाऊन भोवती काळी चौकट आलेली. खाली लिहिलं होतं, ‘एत्तोरे आता आपल्यात नाहीत. त्यांच्यासोबतचे क्षण जपण्यासाठी येथे दाबा.’

आता ज्या कुणा हुशार माणसाने दूर कुठल्या कार्यालयात बसून ही चौकट आखली, त्याला बल्गेरियातला एकही दरवाजा ठाऊक नसणार. आमच्याकडे काळ्या चौकटीतला फोटो एकाच गोष्टीचा असतो. घराच्या दारावर, बसथांब्यावरच्या झाडावर, भाजीवाल्याच्या काचेवर माणसं चौकटीतून बघत असतात, आणि आपण पिशवी खाली ठेवून कोण गेलं ते वाचतो. नेव्यानाने चौकट पाहिली, खालची ओळ वाचली, आणि उठून आरशावर चादर टाकली, मयत झालेल्या घरात टाकतात तशी.

तरी तिने त्याला लिहिलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. संस्थळ दर वेळी सांगायचं, संदेश पोचला. उत्तर आलं नाही. दोंकाने पहिल्याच दिवशी शंका काढली होती, ‘मेला कशावरून? पैसे भरले नसतील.’ नेव्याना तिच्यावर अशी उसळली की दोंका दार लावून घेऊन आत गेली. बिस्त्राचं माहेर द्रियानोवोत होतं, बसने अर्ध्या तासाच्या आत. जाऊन चौकशी केली असती तर एका सकाळीत सगळं कळलं असतं. नेव्याना गेली नाही. खरं सांगायचं तर तिला कळायला नको होतं. एत्तोरे मेला असेल तर ते दुःख होतं, आणि दुःख कसं करायचं हे तिला माहीत होतं. पण तो जिवंत असेल आणि वर्षाच्या वर्गणीएवढीही तिची किंमत त्याला वाटली नसेल, तर त्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने त्याला मेलेला ठेवला.

मग जे रीतीने करायचं ते सगळं तिने केलं. शोकपत्रकं छापणाऱ्या दुकानात गेली. तिथे तयार मजकूर स्वस्त मिळतो, ‘प्रेमळ पती, पिता आणि आजोबा’ वगैरे, आणि आपले शब्द हवे असतील तर वेगळा आकार पडतो. दुकानदाराने नातं विचारलं. ती म्हणाली, मैत्रीण. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि तयार मजकुरात ते बसत नाही असं सांगितलं. नेव्यानाने आपले शब्द दिले आणि वेगळे पैसे मोजले. दुकानदाराने ही गोष्ट पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना सांगितली, मजकुरासाठी नव्हे, पैशांसाठी.

पत्रक तिने इमारतीच्या दारावर लावलं आणि बसथांब्याच्या लिंडनच्या झाडाला बांधलं. ज्याच्या फुलांचा आम्ही चहा करतो ते हे झाड. लोक वाचायचे आणि तिला वाटेत थांबवून ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचे. गिरणी बंद पडल्यापासून तिच्याशी दोंका सोडून कुणी आपणहून बोललं नव्हतं, आता बोलू लागले. मेलेल्या एत्तोरेने तिला गावात जेवढी माणसं मिळवून दिली, तेवढी सोन्याच्या कड्यातल्या जिवंत एत्तोरेलाही जमली नव्हती.

मेलेल्याचा चाळिसावा दिवस आमच्याकडे पाळतात; त्या दिवशी तिने सकाळी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. खालच्या वाळूत, मेलेल्यांसाठी असतात तिथे. वरची जागा जिवंतांची, तिकडे तिने पाहिलंही नाही. मग चाळिसाव्याचं नवं पत्रक झाडाला बांधलं, गहू उकडून त्यात साखर आणि अक्रोड घातले आणि इमारतीपुढच्या बाकावर पातेलं घेऊन बसली. शेजारीपाजारी आले. दोंकाही आली. तिने दोन वाट्या गहू खाल्ले, तिसरी भरून घेतली आणि म्हणाली, ‘बिचारा. वर्गणी भरली असती तर अजून जगला असता.’

बाकावरच्या दोघी-तिघी गव्हाकडे बघू लागल्या. नेव्यानाने डाव पातेल्यात ठेवला. जे तिने चाळीस दिवस चादरीखाली झाकून ठेवलं होतं ते दोंकाने साखर चाटत सगळ्यांसमोर उघडं केलं होतं.

इतक्यात बसथांब्याकडून एक तरुण बाई तरातरा चालत आली. तिच्या एका हातात झाडावरून सोडवलेलं पत्रक आणि दुसऱ्या हातात फोन होता. ‘नेव्यानामावशी कोण?’ तिने विचारलं. सगळ्यांनी बोट दाखवलं. ‘मी बिस्त्रा. सणाला माहेरी आलेय. मावशी, बसची वाट बघत होते तर झाडावर माझा सासरा.’ आणि तिने फोन नेव्यानासमोर धरला.

फोनमध्ये एत्तोरे होता. रंगीत. दाढी वाढलेली, म्हणजे न्हाव्याने स्वतःकडे लक्ष द्यायचं सोडल्यासारखा, पण जिवंत.

‘मी गेलो हे मला सुनेकडून कळलं,’ तो अस्सल गाब्रोवोच्या ढंगात म्हणाला. ‘निदान मला तरी आधी सांगायचं.’

नेव्यानाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तिने तेच विचारलं जे तिला चाळीस दिवस खात होतं. ‘पैसे का नाही भरलेत?’

एत्तोरेने मान खाली घातली. त्याने सांगितलं ते असं, की दोन वर्षं झाली तेव्हा त्याला वाटलं, आता मैत्री झाली. झालेल्या मैत्रीचे पैसे कशाला भरायचे? पूल ओलांडून झाल्यावर कुणी टोल देतं का? तर दुसऱ्या दिवशी दारच बंद. मग संस्थळाची पत्रं सुरू झाली. ‘नेव्याना तुमची आठवण काढत आहे. वाचण्यासाठी सुवर्णसदस्य व्हा.’

‘मग वाचायचं ना,’ नेव्याना म्हणाली.

‘त्याच दिवशी नताल्याही माझी आठवण काढत होती. आणि कुणी कारमेन. मी त्यांना ओळखतही नाही. त्या पंचविशीच्या आहेत आणि मी न्हावी आहे, मला आरसा माहीत आहे. म्हटलं, हे सगळं पैशासाठी खोटं लिहितात. तुमचंही खोटंच असणार.’

दोंकाच्या शेजारी बसलेला म्हातारा पेत्को हळूच म्हणाला की माणूस वाईट नाही, आपल्याकडचाच वाटतो. पैसे वाचवून वर चाळिसावं करून घेतलं. दोघा-तिघांनी आदराने फोनकडे पाहिलं. जिवंतपणी एत्तोरेला गाब्रोवोत एवढा मान मिळाला तो त्या क्षणी.

नेव्यानाला मात्र हसू आलं नाही. ‘मी खरंच लिहीत होते,’ ती म्हणाली. ‘सगळं खरं होतं. कितीतरी लिहिलं.’

‘मला एकच मिळालं,’ एत्तोरे म्हणाला. ‘झाडावर होतं ते. ते वाचायला पैसे पडले नाहीत.’

बिस्त्राने पत्रक बाकावर ठेवलं. तोवर सगळ्यांनी ते वाचलं होतं, पण आता पुन्हा वाचलं. काळ्या चौकटीत एत्तोरे, आणि खाली: ‘एत्तोरे, मंगळवारी आणि शुक्रवारी तू माझ्याशी बोलायचास. बाकीचे दिवस मी तुला काय सांगायचं ते जमवत असायचे. आता जमवलेलं कुणाला सांगू? शोकाकुल, नेव्याना.’

‘दोन वर्षं मला तुम्ही-तुम्ही केलंत,’ एत्तोरे म्हणाला. ‘मेल्यावर तू. मला मेल्याचाच भाव लावा.’

‘तुझ्या फोटोचं नाक वाकडं छापलंय,’ नेव्याना म्हणाली, आणि मग तिला रडू आलं, सगळ्यांसमोर, गव्हाच्या पातेल्यावर. दोंकाने तिसरी वाटी खाली ठेवून तिला रुमाल दिला. तो तिने नंतर परत मागून घेतला.

संध्याकाळी नेव्याना पुन्हा चर्चमध्ये गेली. वाळूतल्या मेणबत्त्या सेविकेने विझवून ठेवल्या होत्या. नेव्यानाने आपली शोधली, अर्धीअधिक शिल्लक होती, आणि तीच वर जिवंतांच्या जागी लावली. सेविका म्हणाली, जिवंतासाठी नवी घ्यावी. नेव्याना म्हणाली, माणूस तोच आहे, मेणबत्तीही तीच चालेल.

पुढे ‘पूल’ची पत्रं तिलाही येऊ लागली. तुमची मैत्री संपत आली आहे, नूतनीकरण करा. तिने केलं नाही. ठरल्या दिवशी तिचं सोनेरी कडं गेलं, फोटो काळापांढरा झाला आणि भोवती चौकट आली. नेव्यानाने टॅबलेट उचलला, समोरचं दार वाजवलं आणि चौकट दोंकाला दाखवली.

‘हा जपून ठेव,’ ती म्हणाली. ‘चांगला आलाय. माझी वेळ आली की छपाईवाल्याला हाच दे, चौकटीचे पैसे वाचतील.’

दोंकाने फोटो नीट पाहिला आणि मजकुराचं विचारलं. नेव्याना म्हणाली, मजकूर एत्तोरे देईल. मग ती घाईने परत फिरली, कारण शुक्रवार होता आणि आत फोन वाजत होता.